अर्ध्यावर तोडलेला दृष्टान्त

वाणीचा दोष दाखवावयाचा तरी वाणीच वापरावी लागते, ही मनुष्याची जुनी अडचण आहे. निंदा करू नये असे सांगणारा बोलता बोलता निंदकाचीच निंदा करू लागतो, आणि अतिशयोक्तीवर टीका करणाऱ्याच्या तोंडी पहिले वाक्य अतिशयोक्तीचेच येते. आज घरोघरी समाजमाध्यमांविषयी जे बोलले जाते, त्यात ही अडचण विशेष दिसून येते. कोणी त्यांस विष म्हणतो, कोणी व्यसन, कोणी मायाजाल, कोणी महापूर, कोणी भस्मासुर. आणि नवल असे की, यांपैकी पुष्कळशी वचने त्याच माध्यमांतून, कुटुंबाच्या समूहात सकाळच्या शुभेच्छांच्या पाठोपाठ, या हातातून त्या हातात जात असतात.

अलंकार हा काव्यशास्त्राचा विषय. त्याचा नीतीशी काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु ज्या अलंकाराने एखाद्या वस्तूचा दोष दाखविला जातो, तो अलंकार त्या दोषाचा धनीही ठरवून टाकीत असतो. ‘विष’ म्हटले की ते घेणारा हा बिचारा रोगी झाला. ‘जाळे’ म्हटले की तो सापडलेला पक्षी झाला. ‘पूर’ म्हटला की वाहून गेलेला. एक शब्द निवडताच न्यायनिवाडा होऊन जातो, आणि तो झाला हे निवाडा करणाऱ्यासही कळत नाही. तेव्हा समाजमाध्यमांचा दोष दाखविताना कोणता अलंकार वापरणे धर्म्य आणि कोणता नव्हे, हा प्रश्न केवळ शोभेचा नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याच्या बाजूस पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र हे मोठे उपयोगी ठिकाण आहे. तेथे यंत्रांचे सुटे भाग करणारे लहानमोठे असंख्य कारखाने आहेत, शिवणकामाचे कारखाने आहेत, आणि देशाच्या अनेक प्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे आहेत. अशा ठिकाणी अलंकारिक भाषेला कामाच्या वेळी थारा नसतो. ‘केसभर कमी’ हा प्रयोग घरात शोभतो. लेथवर उभ्या असलेल्या कारागिराला तो उपयोगाचा नाही. त्याला मिलिमीटरचा शंभरावा भाग सांगावा लागतो, आणि तयार झालेला जॉब गेजमध्ये बसतो किंवा बसत नाही, एवढेच उत्तर मिळते. सत्याची ही एक फार साधी, पण फार कठोर रीत आहे.

याच पीण्यात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, इस्ट्रॅक हे केंद्र आहे. अंतराळात गेलेल्या यानांशी संदेशांची देवघेव करणे, त्यांचा मार्ग पाहणे आणि त्यांना आदेश देणे हे त्याचे कार्य. दिनांक ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर चंद्रयान-२ चे ‘विक्रम’ नावाचे अवतरणयान चंद्रावर उतरत असता सारा देश या केंद्राकडे कान लावून बसला होता. संपर्क तुटला. त्या वेळी इस्रोचे अध्यक्ष डॉ. के. सिवन यांनी जे निवेदन केले, ते अवघ्या दोन-तीन वाक्यांचे होते. पृष्ठभागापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत यानाचे उतरणे ठरल्याप्रमाणे झाले. त्यानंतर संपर्क तुटला. मिळालेल्या माहितीची छाननी चालू आहे. त्या वाक्यांत एकही उपमा नव्हती. ज्या मनुष्याच्या अनेक वर्षांच्या श्रमांवर त्या घटकेस पाणी पडले होते, त्याने दैवाला बोल लावला नाही, चंद्राला कठोर म्हटले नाही. बाहेर समाजमाध्यमांवर मात्र त्याच रात्री रूपकांचा वर्षाव सुरू झाला होता. त्यातील पुष्कळसे प्रेमाने लिहिलेले होते, हे नाकारण्याचे कारण नाही.

त्या दोन-तीन कोरड्या वाक्यांचे फळ पुढे दिसले. जुलै २०२३ मध्ये त्या वेळचे अध्यक्ष श्री. एस. सोमनाथ यांनी मागच्या अपयशाची कारणे उघडपणे सांगितली. यानाच्या इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक पडला, त्यामुळे चुका साचत गेल्या. त्या सावरण्यासाठी यानाला जितक्या वेगाने वळावयास हवे होते तितके वळण्याची त्याला मुभा नव्हती. शिवाय उतरण्यासाठी ठरविलेली जागा ५०० मीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे फारच लहान होती. दुसऱ्या खेपेस ती जागा ४ किलोमीटर लांब व २.५ किलोमीटर रुंद धरण्यात आली. दिनांक २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. चूक कोठे झाली हे सरळ शब्दांत सांगता आले, म्हणूनच ती दुरुस्त करता आली. ‘चंद्र रुसला’ एवढ्यावर कोणी थांबला असता, तर रुसलेल्या चंद्राची समजूत कशी घालावी हे कोणत्याही अभियंत्यास उमगले नसते.

मग अलंकार सर्वथा वर्ज्य मानावा काय? तसेही नाही. गृहस्थाचे घर म्हणजे इस्ट्रॅकचे नियंत्रणकक्ष नव्हे. आई मुलाला रागावते ती आकडे सांगून नव्हे; म्हणीने, दाखल्याने, कधी एखाद्या टोमण्याने रागावते, आणि तो दाखला मुलाला जन्मभर पुरतो. स्वतः गीताही उपमांनी भरलेली आहे, आणि तिच्यावर मराठीत जी सर्वांत थोर टीका शके १२१२ मध्ये पूर्ण झाली, तिच्यात तर एका सिद्धान्ताभोवती दहा-दहा दृष्टान्त उभे केलेले आहेत. तथापि हीच गीता दुसऱ्या अध्यायात फुलांनी बहरलेल्या वाणीविषयी सावधही करते. तेव्हा अलंकार असावा की नसावा, यापेक्षा तो कोठवर न्यावा आणि कोठे सोडावा, हा खरा प्रश्न होय. काश्मीरचे आनंदवर्धन यांनी नवव्या शतकात कवींना हेच बजावले होते. अलंकार वेळेवर घ्यावा, वेळेवर टाकावा, आणि मुख्य अर्थाच्या सेवेत ठेवावा, असे त्यांच्या विवेचनाचे तात्पर्य आहे.

आपल्या आलंकारिकांनी अलंकारांच्या पायऱ्या फार सूक्ष्मपणे पाहिल्या आहेत. उपमेत ‘सारखे’ हा शब्द मध्ये उभा असतो. हा विषासारखा आहे, म्हणजे विष नाही, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असते. रूपकात तो शब्द गळतो. अतिशयोक्तीच्या एका प्रकारात तर उपमान उपमेयाला गिळूनच टाकते. मूळ वस्तूचे नावदेखील उरत नाही. मम्मटाने यासाठी ‘निगीर्ण’, म्हणजे गिळलेले, असाच शब्द योजला आहे. काव्यात हे गिळणे आनंद देते, कारण रसिकाला मूळ वस्तू ठाऊक असते. ज्याला ती ठाऊक नाही त्याच्या हाती गिळणारेच सत्य म्हणून पडते. चंद्रयान-३ च्या यशानंतर थोड्याच दिवसांत याचे एक उदाहरण घडले. यानातील ‘प्रज्ञान’ या गाडीच्या मागच्या चाकांवर राष्ट्राचे राजचिन्ह व इस्रोचे चिन्ह कोरलेले होते, ही गोष्ट खरी. परंतु चंद्राच्या मातीवर राजचिन्हाचा स्वच्छ ठसा उमटल्याचे जे चित्र लक्षावधी लोकांनी एकमेकांस पाठविले, ते एका कलावंताने कल्पनेने केलेले चित्र होते. कलावंताचे काम कल्पना करणे. त्याच्याकडे दोष जात नाही. मध्ये कोठे तरी कोणी तरी ‘हे कल्पनाचित्र आहे’ एवढे शब्द काढून टाकले, आणि चित्राने वस्तुस्थितीला गिळले. अभिमानाच्या भरात कोणास त्याची आठवण राहिली नाही.

त्या प्रसंगी कोणाचे काही बिघडले नाही, म्हणून तो हसून सोडता येतो. दुसरा प्रसंग तसा नाही. सन २०१८ मध्ये मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा देशाच्या अनेक भागांत पसरली. तिच्यासोबत जी चित्रफीत फार फिरली, ती मुळात पाकिस्तानातील कराची येथे बालकांच्या रक्षणासाठी केलेली जनजागृतीची फीत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलून नेतात. पुढे तेच दोघे परत येतात, मुलाला सुखरूप खाली ठेवतात, आणि मूल चोरणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवितात. म्हणजे ही फीत एक दृष्टान्तच होती. कोणी तरी तिचा शेवट कापला. उचलणे राहिले, परत आणून ठेवणे गेले, फलक गेला. दृष्टान्त उरला, आणि ज्यासाठी तो दिला होता तो सिद्धान्त नाहीसा झाला.

त्याच वर्षी, दिनांक २३ मे रोजी, बंगळूरच्या चामराजपेटेत राजस्थानातून कामाच्या शोधात आलेल्या एका तरुणाला जमावाने मुले पळविणारा समजून मारले. तो मृत्यू पावला. आणि दिनांक १ जुलै रोजी महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी, बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे भागातून भिक्षेसाठी आलेले पाच जण अशाच संशयावरून जमावाच्या हाती सापडले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारण्यात आले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. ज्या ज्ञानेश्वरांनी मराठीला दृष्टान्त कसा द्यावा हे शिकविले, त्यांची गुरुपरंपराही नाथपंथाचीच. दारी आलेल्या गोसाव्याला पीठ घालावे, हा महाराष्ट्रातील गृहस्थाचा शतकानुशतकांचा आचार. त्या आचाराच्या भूमीत हे घडले.

या घटनांनंतर ‘अफवेने बळी घेतले’ असे सर्वत्र म्हटले गेले. वाक्य वाईट हेतूचे नाही. परंतु हाही एक अर्धा अलंकारच. अफवेला हात नसतात. त्या खोलीत ज्या काठ्या उठल्या, त्या प्रत्येक काठीला एक मूठ होती. तशीच कथा ‘साथीसारखे पसरणे’ या आजच्या रूढ रूपकाची. रोगाचे जंतू पसरतात त्यास कोणाच्या इच्छेची गरज नसते. झोपलेल्या माणसालाही ज्वर येतो. परंतु संदेश झोपलेल्या माणसाकडून पुढे जात नाही. प्रत्येक टप्प्यावर एक बोट उचलले जाते आणि एक बोट टेकते. हे रूपक त्या बोटाला लपविते, आणि म्हणूनच ते सर्वांना इतके आवडते.

भस्मासुराच्या उपमेचेही असेच आहे. समाजमाध्यम हा भस्मासुर, असे म्हणणारा मनुष्य साधारणतः तेथेच थांबतो. लोककथा मात्र तेथे थांबत नाही. ज्याच्या मस्तकावर हात ठेवील तो भस्म होईल, असा वर मिळालेला असुर मोहिनीच्या नृत्याला भुलला, ती जसे हात हलवील तसे हात हलवू लागला, आणि अखेर त्याचा हात त्याच्याच मस्तकावर गेला. ही कथा शेवटपर्यंत लावून पाहिली तर भस्मासुर कोण आणि मोहिनी कोण, हे सांगणाऱ्यालाच अवघड जाईल. दुसऱ्याचा हात जसा हलतो तसा आपला हलविणे, सर्वांनी धिक्कार केला म्हणून धिक्कार करणे, सर्वांनी पाठविले म्हणून पाठविणे, हे असुराचे वर्तन आहे. आणि ते करणारे यंत्र नव्हे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. सारा भार त्या बोटावर टाकणे हाही अन्यायच नव्हे काय? पाळी संपवून रात्री खोलीवर परतलेला पीण्यातील कामगार, डोळे मिटत असताना जो पडदा सरकवतो, तो पडदा त्याच्या करमणुकीसाठी निष्कामपणे ठेवलेला नाही. मनुष्याची नजर जितकी अधिक वेळ खिळून राहील तितका जाहिरातींचा व्यापार वाढतो. म्हणून कोणती गोष्ट वर आणावी याची निवड करणारी यंत्रणा, ज्याने मन क्षुब्ध होते किंवा सुखावते, तेच पुन्हा पुन्हा पुढे करते. हे रचणारे बुद्धिमान लोक आहेत आणि त्यांचा नफा मोठा आहे. साधनाची रचना बदलली की परिणाम बदलतो, हेही अनुभवाने दिसले आहे. राईनपाड्याच्या त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविण्यास बंदी घातली. आणि एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असा निर्बंध घातल्यावर, असे संदेश जगभर ७० टक्क्यांनी घटल्याचे त्या कंपनीनेच सांगितले. मनुष्यस्वभाव एका महिन्यात सुधारला, असे तर कोणी म्हणणार नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि दैव. हा विभाग येथे किती चपखल बसतो पाहा. अधिष्ठान म्हणजे शरीर, असे आचार्य म्हणतात. ते दिवसभराच्या श्रमाने थकलेले आहे. कर्ता आहेच. साधन म्हणजे हातातील यंत्र, आणि त्यामागील व्यापाऱ्याची सारी रचना. हालचाल म्हणजे ते एक बोट. आणि दैव म्हणजे, ते पाच भिक्षेकरी नेमके त्या दिवशी त्या बाजारात उतरावेत आणि त्यांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलावयास जावे. यापुढे भगवंतांनी जे सांगितले, ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पाच कारणे असता जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. मग जो एकट्या साधनालाच कर्ता समजतो, त्याला तरी नीट दिसते असे कसे म्हणावे? ‘सारे तुमच्या मनावर आहे’ असा उपदेश करणारा व्यापाऱ्याला सोडून देतो. ‘सारे त्या यंत्राने केले’ म्हणणारा स्वतःला सोडून देतो. दोघांनाही पाचांपैकी एकच कारण दिसते. विष, पूर, जाळे, साथ, ही सारी रूपके दुसऱ्या प्रकारात मोडतात.

याउलट गीतेतील उपमा पाहाव्या. पाण्यावरील नौकेला वारा ओढून नेतो तसे इंद्रियांमागे धावणारे मन बुद्धीला ओढून नेते, असे दुसऱ्या अध्यायात आहे. येथेही वाहून जाणे आहे. पण लगेच पुढच्या श्लोकात ‘म्हणून’ हा शब्द येतो, आणि इंद्रिये आवरणाऱ्याची गोष्ट सुरू होते. त्याच अध्यायातील कासव आपले अवयव आपणच आत घेते; त्याला कोणी कोंडीत नाही. धुराने झाकलेला अग्नी आणि मळाने झाकलेला आरसा यांचे दृष्टान्त तिसऱ्या अध्यायात आले, तेथेही तीनच श्लोकांनंतर ‘म्हणून’ आहे. पंधराव्या अध्यायातील उलटा अश्वत्थ तर मूळ वर आणि फांद्या खाली असा, आदि ना अंत दिसणारा, माणसाला थक्क करून सोडणारा वृक्ष आहे. आज ज्या जाळ्याला कोठे आरंभ नाही, शेवट नाही अशी तक्रार होते, त्याला ही उपमा कोणी देईल तर ती अयोग्य होणार नाही. परंतु त्या वृक्षाचे वर्णन संपते न संपते तोच अनासक्तीचे शस्त्र हाती दिलेले आहे. गीता मनुष्याला उपमेत अडकवून निघून जात नाही. ज्योतीवर झेपावणाऱ्या पतंगांची उपमा तेवढी निराळी; तिच्यात सुटकेची वाट नाही. पण ती श्रीकृष्णांच्या मुखातील नव्हे. विश्वरूप पाहून भयभीत झालेल्या अर्जुनाच्या मुखातील ती आहे. आजकाल तरुण पिढीविषयी हीच पतंगांची उपमा फार दिली जाते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ती भ्यालेल्या माणसाची उपमा आहे.

सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे आहेत: ऐकणाऱ्याचे मन न पेटविणे, सत्य असणे, प्रिय आणि हितकर असणे, आणि त्यांच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास. समाजमाध्यमांवर जे चालते ते या कसोटीस उतरत नाही, हे सांगावयास पंडित नको. त्यांच्यावर घरात होणारी टीका उतरते काय, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ‘हा राक्षस तुला गिळणार’ असे सोळा वर्षांच्या मुलाला रोज सांगितले जाते. ते त्याचे मन पेटविते. ते संपूर्ण सत्य नाही. प्रिय तर नाहीच. हित एवढे एकच बाकी उरते, आणि तेही मूल ऐकेल तेव्हा.

पूर्वी घराघरांत भस्मासुराची गोष्ट आजी सांगत असे. नातवंडे तिला मध्येच थांबू देत नसत. असुर धावत सुटला, देव पुढे आणि तो मागे, इथवर येऊन ती पदर सारखा करण्यास थांबली, तर पांघरुणातून लगेच विचारणा होई, की मग त्याने हात कोणाच्या डोक्यावर ठेवला.